पांझरेकाठचे फड

महाराष्ट्राच्या इतिहासाविषयी गेल्या शंभर-सवाशे वर्षांत जे लेखन झाले, ते बहुतांशी गड, लढाया, तह आणि दरबार यांच्याविषयी झाले. ते आवश्यक होते यात शंका नाही. परंतु ज्या रयतेच्या साऱ्यावर ते गड उभे राहिले व त्या फौजा चालल्या, ती रयत आपल्या शेताला पाणी कसे देत होती आणि त्या पाण्याचे तंटे कोणापुढे मिटवीत होती, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ साली ज्या धुळे शहरात देह ठेवला व ज्यांचे दप्तर तेथील संशोधन मंडळाने जतन केले, त्याच शहरातून पांझरा नदी वाहते. आणि त्या नदीच्या तीरावर इतिहासाचे एक असे साधन पसरले आहे की, जे कोणत्याही रुमालात बांधून ठेवता येत नाही. ते साधन म्हणजे दगडचुन्याचे जुने बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि त्या पाटांखालची फडांची जमीन. या फडांनी पाणी व मालकी या दोहोंची जी सांगड घातली होती, तिचा थोडा विचार करावा असा आमचा हेतू आहे.

खानदेश म्हटला म्हणजे तापीकाठची काळी जमीन, कापूस आणि केळीच्या बागा एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण पाण्याच्या दृष्टीने पाहिल्यास तापी ही मोठी असूनही रयतेच्या फारशा उपयोगाची नदी नव्हे. तिचे पात्र उंच दरडींच्या खाली खोल गेलेले आहे. त्यातील पाणी वर शेतात आणणे जुन्या साधनांनी शक्य नव्हते. म्हणून तापीकाठचा कुणबी आपल्या विहिरीवर मोट हाकीत राहिला. याच्या उलट सह्याद्रीतून उतरणाऱ्या लहान नद्या. पांझरा व तिला मिळणारी कान या साक्री व धुळे तालुक्यांतून वाहतात. मोसम व आरम या बागलाणातून निघून गिरणेस मिळतात. या नद्यांचा उतार चांगला, पात्र उथळ व जागोजाग खडकाळ. अशा नदीस आडवी भिंत घातली, तर पाणी हात-दोन हात चढून आपल्या पायांनी शेतात चालत येते. आज बागलाण व मालेगाव हे तालुके नाशिक जिल्ह्यात मोडतात खरे. पण १८६९ साली नाशिक जिल्हा निर्माण होण्यापूर्वी तेही खानदेशातच होते. पुढे १९०६ साली उरलेल्या खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. पश्चिम भागातून १९९८ साली नंदुरबार वेगळा निघाला. सरकारी सीमा अशा बदलत गेल्या, तरी पाटाच्या पाण्याची रीत या सर्व खोऱ्यांत एकच राहिली, आणि त्या रीतीचे नाव फडपद्धती.

हे बंधारे कोणी बांधले? लोकांची स्मृती बहुधा फारुकी सुलतानांकडे बोट दाखविते. फारुकी घराण्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ साली अकबराने असीरगड घेईपर्यंत या प्रांतावर राज्य केले. अभ्यासक ही पद्धती तीनशे ते चारशे वर्षांची असल्याचे मानतात. प्रत्येक बंधाऱ्याचा कर्ता निश्चित करणे हे आता अशक्यप्राय आहे, आणि आमच्या मते ते फारसे महत्त्वाचेही नाही. राजे लोकांचे काम फार तर कौल देण्याचे, नव्या बागायतीवर इस्ताव्याने सारा वाढवीत नेण्याचे. कारण मोटस्थळापेक्षा पाटस्थळाचा सारा भारी, व तो निर्वेधपणे वसूल होणारा. परंतु बंधारा एकदा बांधून संपत नाही. दरसाल पावसाळा त्याचे दगड निखळवितो व पाटात गाळ भरतो. पांझरेचा पूर कसा असतो हे धुळेकरांस १८७२ सालच्या महापुराने चांगलेच शिकविले. ज्या भिंतीस वर्षानुवर्षे डागडुजी लागते, ती तीन-चार शतके टिकली असेल, तर तिचे खरे बांधणारे कोणी सुलतान किंवा पेशवे नसून, दर उन्हाळ्यात फावडी-घमेली घेऊन पाट उकरणारे गावकरीच होत, असे म्हणणे प्राप्त आहे.

आता या व्यवस्थेची रचना पाहू. बंधारा फारसा उंच नसतो. पाणी साठविणे हे त्याचे काम नव्हे. वाहत्या पाण्याची पातळी किंचित चढवून ते पाटात वळविणे एवढेच त्याचे काम. पाटाची रुंदी ठरलेली असल्यामुळे त्यात मावेल तेवढेच पाणी शिरते आणि बाकीचे भिंतीवरून खाली जाऊन पुढच्या गावच्या बंधाऱ्यास मिळते. शेतात मुरलेले पाणीही काही अंशी झिरपून पुन्हा नदीस येते. अशा रीतीने एकाच नदीवर एकाखाली एक बंधारे उभे राहू शकले. मुख्य पाटातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून शेतोशेत नेणारे सारंग निघतात, आणि जास्तीचे पाणी सांडव्याने परत नदीत सोडले जाते. एका बंधाऱ्याखाली जेवढी जमीन भिजते त्या क्षेत्रास थळ म्हणतात. काही थळे दहा-बारा हेक्टरांची, तर काही चारपाचशे हेक्टरांपर्यंतची आहेत.

येथपर्यंत विशेष काही नाही. नदी अडवून पाट काढण्याची युक्ती जगात अनेक ठिकाणी सापडेल. विशेष आहे ते यापुढे. थळातील सगळी जमीन तीन किंवा चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली असते. त्या प्रत्येक तुकड्यास फड असे नाव आहे. एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यावयाचे. या वर्षी या फडात ऊस, त्या फडात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात पावसाळी पीक. पुढच्या वर्षी पाळी बदलावयाची. कोणत्या फडात काय लावावयाचे हे एकट्या शेतकऱ्याने ठरवावयाचे नाही. नदीस पाणी किती आहे हे पाहून थळातील सर्वांनी मिळून ते ठरवावयाचे. सबंध फडास एकच पीक असल्यामुळे पाण्याची गरज सर्वांची सारखी व पाळीही सारखी. उसाच्या शेजारी हरभरा असून उसाच्या पाण्याने हरभरा कुजला, असा प्रसंगच येत नाही. एकाच जमिनीत वर्षानुवर्षे भारी पाण्याचे पीक न राहिल्याने ती पाणथळ किंवा खारवट होत नाही. राखणही सोपी, कारण एका बाजूस उभे पीक व दुसऱ्या बाजूस रिकामे रान, अशी सरमिसळ फडात नसते.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. शेतकऱ्याची जमीन एका ठिकाणी नसून प्रत्येक फडात थोडी थोडी असे. ज्याची चार एकर बागायत, त्याचा सामान्यतः प्रत्येक फडात एकेक एकर. वरवर पाहता ही मोठी गैरसोय. नांगर घेऊन या फडातून त्या फडात जावे, चार ठिकाणी बांध सांभाळावे, चार ठिकाणी शेजाऱ्याशी वाद घालावा. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जमिनीचे तुकडे पडण्याचे तोटे आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षे शिकवीत आलो आणि ते तोटे खरेही आहेत. पण थळाच्या हिशेबाने पाहिले म्हणजे हीच विखुरलेली मालकी सगळ्या व्यवस्थेचा कणा होती असे दिसून येते.

असे समजा की, पाऊस कमी पडला. चार फडांपैकी दोनच भिजतील एवढेच पाणी नदीस आहे. प्रत्येकाची जमीन जर एकगठ्ठा असती, तर अर्ध्या गावाचे पीक साधले असते आणि अर्धे गाव बुडाले असते. आणि बुडणारे कोणते हे ठरविताना डोकी फुटली असती. फडाच्या रीतीत पंचांनी दोन फड कोरडे ठेवण्याचे ठरविले म्हणजे प्रत्येकाची निम्मी जमीन कोरडी राहते व प्रत्येकाची निम्मी भिजते. दुष्काळाची वाटणी आपोआप होते. त्याकरिता कोणास उदार व्हावे लागत नाही. तीच गोष्ट पाटाच्या वरच्या व खालच्या टोकांची. जगातील यच्चयावत कालव्यांवर एक तक्रार सनातन आहे. ती ही की, तोंडाशी असलेला शेतकरी पोटभर पाणी घेतो आणि शेपटाकडच्याच्या वाट्यास ओला गाळ येतो. परंतु ज्याचा एक तुकडा पाटाच्या तोंडाशी व दुसरा शेपटाशी आहे, त्याने वर पाणी चोरले, तर खाली ते स्वतःच्याच घरातून चोरल्यासारखे होते. पाटाचे शेवटचे टोक गाळाने भरले, तर ते दुःख एका कोपऱ्यातील दोन दुबळ्या कुटुंबांचे राहत नाही; गावातील प्रतिष्ठितांचेही होते. या व्यवस्थेने माणसे चांगली आहेत असे गृहीत धरले नाही. माणूस जसा आहे तसा धरून, त्याच्या स्वार्थाचीच वाटणी पाण्यासारखी सर्व फडांत करून टाकली. आमच्या मते फडपद्धतीचे सारे मर्म येथे आहे.

तथापि स्वार्थ कितीही वाटला, तरी रात्रीच्या वेळी दारे मोडण्याचा मोह उरतोच. त्यास दुसरा उपाय होता. थळकऱ्याने स्वतः पाण्यास हात लावावयाचा नाही, असा दंडक असे. पाणी सोडण्याकरिता पाटकरी नेमलेला असे. मुख्य पाटावरील देखरेख, चाऱ्यांची दारे उघडणे व बंद करणे हे त्याचे काम. बारेकरी फडात शेतोशेत बारे देई, आणि जागल्या उभ्या पिकाची राखण करी. मोठ्या थळावर या सर्वांवर हवालदार असे. आपल्या शेतात पाणी केव्हा आले व किती आले, हे मालक दुसऱ्या दिवशी जाऊन पाहणार! या नोकरांस रोख पगार नसे. पीक निघाल्यावर त्यात त्यांचा वाटा ठरलेला असे. म्हणजे पीक चांगले आले तर त्यांची पोटे भरणार, आणि कोणाचेही शेत सुकले तर तेवढ्याने त्यांचा वाटा घटणार. थळाच्या एका खाचराकडे दुर्लक्ष करणे पाटकऱ्यास परवडत नसे. पावसाळ्यापूर्वी पाट उकरण्यास प्रत्येक थळकऱ्याने जमिनीच्या प्रमाणात माणूस द्यावा. न दिल्यास भरपाई द्यावी. तंटा पडल्यास पंचांनी तो जागच्या जागी तोडावा. कागद फार थोडा, वकील मुळीच नाही, आणि सरकार लांब.

इंग्लंडच्या आर्थिक इतिहासाचा ज्यांस परिचय आहे, त्यांस हे वाचून एका गोष्टीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मध्ययुगातील इंग्लिश खेड्यातही गावची जमीन तीन मोठ्या रानांत वाटलेली असे. एकात गहू, दुसऱ्यात वसंतातील पीक, तिसरे पडीक. आणि प्रत्येक कुळाच्या अरुंद पट्ट्या तिन्ही रानांत विखुरलेल्या असत. पीक कोणते घ्यावयाचे हे गाव ठरवी. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने शेकडो कायदे करून ही राने कुंपणांनी बंदिस्त केली, पट्ट्या एकत्र केल्या, आणि उत्पन्न वाढले. पण लहान कुळांचा सामाईक रानावरील हक्कही त्याबरोबर गेला. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या खेड्यात तेवढी ती जुनी त्रिक्षेत्री शेती आजही चालू आहे. सात समुद्रांपलीकडच्या दोन खेड्यांनी एकमेकांची नावेही न ऐकता जवळजवळ एकच तोड काढावी, यावरून ती केवळ अडाणीपणातून निघालेली नव्हती, एवढे तरी सिद्ध होते. फरक इतकाच की, इंग्लंडात जोखीम पावसाची व जमिनीच्या पोताची होती. येथे ती पाण्याची होती, आणि म्हणून येथील बंधन अधिक काटेकोर झाले.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा तो उद्ध्वस्त झालेला होता. होळकरांच्या दंगलीने व १८०३-०४ च्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली होती. पेंढाऱ्यांनी उरलेसुरले नेले होते. माणसेच नाहीत तेथे बंधाऱ्यांची डागडुजी कोण करणार? अनेक बंधारे फुटले ते त्या काळात. नव्या राज्याने शांतता आणली हे निर्विवाद. परंतु त्या राज्याची दृष्टी निराळी होती. रयतवारी पद्धतीत सरकारचा संबंध एकेका खातेदाराशी. सर्व्हे नंबर हा तिचा पाया. गाव म्हणून, थळ म्हणून जी सामुदायिक व्यक्ती होती, तिला त्या वहीत रकाना नव्हता. १८५२ साली खानदेशात मोजणीविरुद्ध जो मोठा क्षोभ उसळला, त्याची कारणे अनेक होती. पण साखळी टाकून आपली जमीन मोजणारे हे सरकार आपल्या व्यवहाराची मूळ रीतच बदलणार, ही भीती त्यात नसेल असे आम्हांस वाटत नाही.

पुढे १८७९ साली मुंबई इलाख्याचा पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला. अधिसूचना काढून कोणत्याही नदीचे पाणी कालव्याकरिता घेण्याचा अधिकार त्याने सरकारास दिला. गंमत अशी की, ‘पाटबंधारे’ हा शब्द रयतेचा. सरकारने खात्यास नाव देताना तो उचलला, आणि शब्दाबरोबर त्याची मालकीही हळूहळू उचलली गेली. तरी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पांझरा-मोसमेवरचे बहुतेक फड या काळात चालूच राहिले. लहान थळांच्या कारभारात हात घालणे सरकारास फायद्याचे नव्हते. सारा मिळाला म्हणजे झाले.

या ठिकाणी एका थोर पुरुषाचे नाव येते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात दाखल झाले आणि आरंभीच खानदेशात त्यांची नेमणूक झाली. साक्री तालुक्यातील दातर्ती गावाजवळ पांझरेच्या पात्राखालून नळाच्या साहाय्याने पाट पलीकडे नेण्याचे अवघड काम या तरुण इंजिनियराने ऐन पावसाळ्यात अंगावर घेऊन पुरे केले. याच विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतील सरकारी कालव्यांकरिता ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली. जमिनीचे गट पाडावे, गटाच्या साधारण एक तृतीयांशात ऊस व बाकीच्यात कमी पाण्याची पिके घ्यावी, आणि ती आळीपाळीने फिरवावी, असे तिचे स्वरूप होते. फड आणि ब्लॉक यांतील साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. भेदही तितकाच मोठा आहे. ब्लॉकमध्ये पाणी देणारे सरकार व अर्ज करणारा शेतकरी असे दोन पक्ष. फडात देणारे व घेणारे एकच. पिकांची पाळी सरकारी कालव्यावर आणता येते. विखुरलेल्या मालकीतून येणारी समदुःखिता आणता येत नाही.

फडांस खरा धक्का बसला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तो वाईट हेतूने बसला असे कोणी म्हणणार नाही. १९४७ साली मुंबई प्रांतात जमिनीच्या तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा झाला. एकाची जमीन एका ठिकाणी असावी हे त्याचे तत्त्व. जिरायत मुलखात ते योग्यच; पण फडाचे तत्त्व नेमके त्याच्या उलट आहे, हे वर आलेच आहे. त्यानंतर आली विहिरीवरची इंजिने आणि विजेचे पंप. ज्याच्या शेतात स्वतःची विहीर झाली त्यास पाटाच्या पाळीची गरज उरली नाही. ज्यास पाळीची गरज नाही तो पाट उकरण्यास कशाला येईल? शिवाय फडात सर्वांचा हरभरा असता, आपल्या विहिरीच्या बळावर तो ऊस लावू लागला. गूळ आणि पुढे साखर कारखाने यांनी त्या मोहास किंमत आणून दिली. अखेर नद्यांच्या उगमाकडे धरणे झाली: मोसमेवर हरणबारी, आरमवर केळझर, पांझरेवर लाटीपाडा, कानेवर मालनगाव. या धरणांनी उन्हाळ्यात पाणी दिले हे खरे. पण नदीचा वाहता ओघ, जो आजवर कोणाच्याही हुकुमावाचून बंधाऱ्यावर येत होता, तो आता खात्याने सोडला म्हणजे यावयाचा. पंचांनी नदीकडे पाहून पीक ठरविण्याचे दिवस गेले. कचेरीकडे पाहण्याचे आले. काही गावांत फड अद्याप चालतात. पुष्कळ ठिकाणी बंधारा उरला आहे व फड केवळ शेताच्या नावापुरता.

पूर्व खानदेशाची वाट आरंभापासून वेगळी होती. तेथे गिरणेवर जामद्याचा बंधारा व त्याचे कालवे सरकारने चालविले. १९६९ साली गिरणा धरण झाले. तापीच्या उत्तरेस यावल-रावेर भागात केळीची जी अपूर्व समृद्धी उभी राहिली ती विहिरींवर, म्हणजे एकेकट्याच्या पराक्रमावर. त्या पराक्रमाचे कौतुक आम्हांसही आहे. पण जमिनीखालचे पाणी सर्व्हे नंबराची हद्द ओळखीत नाही. प्रत्येकाने आपली विहीर व मग आपली कूपनलिका अधिक खोल नेली, आणि सर्वांचेच पाणी खाली गेले. नदीचे पाणी सामाईक आहे हे डोळ्यांस दिसते. भुईखालचे तितकेच सामाईक असून दिसत नाही, म्हणून त्यास ना पंच मिळाले ना पाटकरी.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने असा सिद्धांत मांडला की, सामाईक वस्तू अखेर नाशच पावावयाची. सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी आपले एक गुरू अधिक सोडणार आणि कुरण उजाड होणार. यावर उपाय दोनच: खाजगी मालकी किंवा सरकारी अंमल. हा सिद्धांत फार लोकप्रिय झाला. परंतु एलिनॉर ऑस्ट्रोम या विदुषीने जगभरची उदाहरणे तपासून १९९० साली दाखवून दिले की, तिसराही मार्ग आहे. लोकांनी स्वतः केलेले नियम, स्वतः नेमलेले राखणदार आणि जवळचा स्वस्त न्याय यांच्या बळावर सामाईक वस्तू शतकानुशतके टिकतात. या कार्याकरिता त्यांस २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी कॅथीड्रलच्या दाराशी आठ पाटांचे प्रतिनिधी बसतात आणि पाण्याचे तंटे तोंडी ऐकून तेथल्या तेथे निकाल देतात. त्या न्यायसभेचा गौरव जगाने केला आहे. पांझरेच्या पंचांची सभा तिच्या पंक्तीस बसण्यास सर्वथा योग्य होती. तिला कॅथीड्रलचे दार मिळाले नाही, एवढेच.

परंतु जुन्याचे गुण गाताना त्याचे दोष झाकणे हे इतिहासकाराचे काम नव्हे. थळ सामाईक होते, पण कोणाचे? ज्याची पाटस्थळाखाली जमीन त्याचे. जो जागल्या रात्रभर फडाची राखण करी, जो बारेकरी थंडीत गुडघाभर चिखलात उभा राहून बारे देई, त्यास पिकात वाटा होता. पाण्यात हक्क नव्हता, आणि पंचांच्या बैठकीत आवाज तर नव्हताच. जिरायतवाला गावात असूनही थळाबाहेर. सामाईक या शब्दाच्या आत किती माणसे मावतात आणि बाहेर किती राहतात, हा प्रश्न १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी साऱ्या महाराष्ट्रास विचारला. तो प्रश्न फडासही लागू आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, त्यात पाणी जमिनीच्या मानाने न देता घरातील माणसांच्या मानाने दिले, भूमिहीनांसही त्यात वाटा ठेवला, आणि ऊस वर्ज्य केला. फडपद्धतीस जे जमले नाही ते या प्रयोगाने करून दाखविले. म्हणून जुन्या रीतीचे पुनरुज्जीवन जशाच्या तसे करावे असा आमचा आग्रह नाही.

मग तिच्यापासून घ्यावयाचे काय? १८७९ च्या कायद्याची जागा १९७६ साली नव्या पाटबंधारे कायद्याने घेतली. आणि २००५ साली सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. कालव्याखालील शेतकऱ्यांनी संस्था स्थापावी, तिने पाणी मोजून घ्यावे व आपापसांत वाटावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांनी सरकारने थळाची कल्पना पुन्हा मान्य केली म्हणावयाची. नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणावरच्या संस्थांसारखी काही यशस्वी उदाहरणेही आहेत. परंतु संस्था कागदावर नोंदविल्याने थळ उभे राहत नाही. जेथे वरच्याची सगळी जमीन वर आहे व खालच्याची सगळी खाली, जेथे एकाची विहीर भरलेली व दुसऱ्याचे सर्वस्व पाटावर अवलंबून, तेथे दोघांस एका बैठकीस बसविले तरी ते दोन पक्षच राहतात. नियम करणे सोपे आहे. ज्याने नियम मोडला त्याचेही नुकसान होईल अशी योजना करणे कठीण आहे.

ती योजना आमच्या पूर्वजांनी जमिनीच्या तुकड्यांतून साधली. आज ती तशीच साधणार नाही. कदाचित ती पाण्याच्या हिश्शांतून साधावी लागेल, कदाचित टंचाईची तूट सर्वांनी सारखी सोसण्याच्या करारातून, विहिरींचे पाणीही त्याच हिशेबात धरून. कोणत्याही रीतीने साधली तरी प्रत्येकाचा काही भाग पाटाच्या तोंडाशी व काही शेपटाशी असला पाहिजे, हे तत्त्व टळत नाही. पांझरा आजही मुडावदजवळ तापीस मिळते. तिच्या वाटेत ते जुने बंधारे अद्याप उभे आहेत. त्यांचे दगड टिकले ते चुन्याने टिकले. त्यांचे पाणी इतकी वर्षे वाटले गेले ते मात्र तोटा वाटून घेण्याची तयारी होती म्हणून. नफ्याची वाटणी कोणासही करता येते. तुटीची वाटणी ज्या गावास जमते, त्या गावाची नदी त्याच्याजवळ राहते.